होडीच्या पोटाखाली काय असावं?

प्रश्न: काका, नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहतो, वय ४६, बँकेत नोकरी. भोपाळला बड्या तलावावर दोन सीझन सेलिंग शिकलो आणि आता स्वतःची छोटी शिडाची होडी घ्यायचीच असं ठरवलंय, ट्रेलरवर ठेवता येईल अशी, घराच्या बाजूच्या गल्लीत २२ फूट जागा मोजून ठेवलीय. तीन होड्या बघितल्या. एक १९ फुटी, खाली पक्की फिन कील, ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, सव्वातीन फूट. दुसरी १८ फुटी, तिला लोखंडाची स्विंग कील, म्हणजे पिनेवर झुलणारी, साधारण १५० किलोची, विंचनं वर येते. तिसरी १५ फुटी उघडी, डॅगरबोर्डवाली, म्हणजे खाचेतून खाली घालायच्या फळीची. पहिल्या दोन्ही गोव्यात आहेत. फिनवाले मालक म्हणतात पक्की कीलच घ्या, ती होडी उलटत नाही, वर-खाली होणारं सगळं खेळण्यातलं. बरोबर बायको आणि १२ वर्षांची मुलगी असणार. जायचं जास्त करून हनुवंतियाला, मधेमधे भोपाळला. गाडी डिझेल एसयूव्ही. काय करू?
*एक वाचक, इंदूर*

उत्तर: तुम्ही गल्ली मोजून पत्र लिहिलंत त्यावरूनच कळलं की होडी घ्यायचं पक्कं आहे, म्हणून मी पण सरळच सांगतो. तिघींपैकी स्विंग कीलवाली घ्या, पण तिची पिन, केबल आणि विंच स्वतः तपासल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. कारणं जरा लांबण लावून सांगतो, म्हणजे उद्या चौथी होडी समोर आली तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी एक शब्दाचं. इंदुरात कील म्हटलं की वेल्डरपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांना खिळाच ऐकू येतो, तेव्हा काम सांगताना "होडीच्या खालचं पातं" म्हणा, नाहीतर अर्धा तास समजावण्यातच जातो.

तर ह्या पात्याची कामं दोन, आणि सगळा घोळ ती दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. पहिलं काम म्हणजे होडीला आडवं सरकू न देणं. घरी बादलीत पाणी घ्या, त्यात उलथनं बुडवून धारेच्या बाजूनं ओढा, सर्रकन जातं, आणि तेच आडवं ओढा, मनगटाला जोर लावावा लागतो. शीड होडीला सारखं बाजूला ढकलत असतं आणि खालचं पातं त्या ढकलण्याला अडून बसतं, म्हणून तर होडी वाऱ्याच्या तिरक्या दिशेनं वर चढते. ह्या कामाला वजन अजिबात लागत नाही, लाकडाची फळी पुरते. दुसरं काम म्हणजे कललेली होडी परत उभी करणं. ह्याला वजन लागतं, आणि ते जितकं खोल तितका त्याचा जोर जास्त. तंजावरची ती डुलणारी बाहुली असते ना, बूड गोल आणि जड, कितीही ढकला परत उभी, तोच हिशोब.

फिन कील ही दोन्ही कामं एकटीच करते, कायम, तुम्ही विसरलात तरी करते, हा तिचा मोठाच गुण आहे आणि ते मालक त्यांच्या पाण्याच्या दृष्टीनं बरोबरच बोलतायत. डॅगरबोर्ड फक्त पहिलं काम करतो, दुसरं काम होडीच्या काठावर बसून मागे झुकणाऱ्या माणसांनी करायचं. स्विंग कील दोन्ही करते, पण खाली सोडलेली असेल तरच, हे वाक्य घरातल्या तिघांनाही पाठ असू द्या. कील वर असताना शीड चढवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही, कारण ते दीडशे किलो तेव्हा होडीच्या पोटात असतं आणि सावरायला त्याचा जवळजवळ काही उपयोग नसतो.

एकच होडी तीन कीलांवर कशी मिळते ह्याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतली कॅटलिना २२, फ्रँक बटलर यांनी १९६९ साली डिझाइन केलेली. फिन घेतली तर ड्राफ्ट साडेतीन फूट, विंग कील, म्हणजे खाली पंख असलेली उथळ कील, घेतली तर अडीच फूट, आणि स्विंग घेतली तर वर ओढल्यावर २ फूट आणि खाली सोडल्यावर ५ फूट. म्हणजे खाली सोडलेली स्विंग कील फिनपेक्षाही खोल जाते, तिला खेळणं म्हणणं काही बरोबर नाही. त्या होडीचं झुलतं पातं बिडाचं आहे, जवळपास २५० किलो.

आता तुमचं पाणी. हनुवंतिया ज्याच्या काठावर आहे ते इंदिरा सागर धरण पूर्ण भरलं की पातळी २६२.१३ मीटर, आणि पाणी काढत काढत किमान पातळी २४३.२३ मीटरपर्यंत नेता येते, म्हणजे फरक जवळजवळ १९ मीटरचा, सहा मजली इमारतीएवढा. दरवर्षी पाणी इतकं उतरत नाही, पण दिवाळीनंतर ज्या जागेवरून तुम्ही बिनधास्त गेलात तिथेच एप्रिलमध्ये खाली काय आहे ते सांगता येत नाही. आणि खाली काय आहे हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, २००४ मध्ये हरसूद आख्खं गाव ह्याच पाण्यात गेलं, शेतं गेली, विहिरी गेल्या, झाडं उभीच्या उभी गेली. पाण्यावर एखादी वाळकी फांदी दिसते ती फांदी नसते, झाडाचा शेंडा असतो. मला तिथे शीड लावलं की दर वेळी आधी थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

मी स्वतः तिथे डॅगरबोर्डवाली होडी घेऊन गेलो होतो, मित्राची, मार्चअखेर होती. वारा छान, होडी पळतेय, आणि मधेच कुणीतरी खालून पाय धरावा तशी ती जागच्या जागी थांबली, मी पुढच्या थ्वार्टवर, म्हणजे बसायच्या आडव्या फळीवर, गुडघ्यावर आपटलो. बुंधा होता. डॅगरबोर्ड म्यानात तलवार घालावी तसा सरळ खाली घालतात, त्यामुळे धक्का बसला की त्याला मागे हटायला जागाच नसते, बोर्ड तरी मोडतो नाहीतर त्याची खाच फाटते. आमची खाच फाटली, मागच्या कोपऱ्यातून हाताच्या पंजाएवढी चीर, आणि काठापर्यंत आम्ही डब्यानं पाणी उपसत आलो. स्विंग कील किंवा पिनेवर फिरणारा सेंटरबोर्ड अशा वेळी घडीच्या विळीसारखा वागतो, पातं पिनेवर फिरून मागे मिटतं, मोठा आवाज होतो, छातीत धस्स होतं, पण होडी वरून निघून जाते. फिन कील असती तर तो सगळा दणका कीलच्या बोल्टांवर आणि कीलच्या मागच्या टोकाजवळच्या फायबरवर गेला असता, आणि ते नुकसान बाहेरून लगेच दिसतही नाही.

आणि उतरवण्याचं काय ते पण बघा, हे कुणीच विकत घेताना मोजत नाही. फिनवाली होडी तरंगायला १ मीटर पाणी, त्यात ट्रेलरवर कील जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर उंच बसलेली, म्हणजे होडीच्या मध्याखाली १.४ मीटर पाणी हवं. रॅम्पचा, म्हणजे होडी उतरवायच्या काँक्रीटच्या उतरंडीचा, उतार ८ ला १ धरला तर काठापासून ११ मीटर आत जायचं आणि तुमच्या गाडीची मागची चाकं जवळजवळ ५ मीटर आत, हबच्या वर पाणी. मग लांब दोर लावून ट्रेलर एकटा सोडा, ओढून काढा, हे सगळं आलं. स्विंग कील वर ओढली की ड्राफ्ट दीड फुटाच्या आसपास, हाच हिशोब पावणेसात मीटरवर येतो आणि गाडीचे नुसते टायर भिजतात. शिवाय उन्हाळ्यात पाणी काँक्रीट सोडून खाली सरकलं की पुढे गाळ, तिथे सव्वातीन फुटी कील घेऊन तुम्ही करणार काय, क्रेन तर बोलावणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ट्रेलरवरच्या होडीची कील आधी रॅम्प ठरवतो, मग तळ ठरवतो आणि वारा सगळ्यात शेवटी. जी होडी उतरवायला तीन तास आणि चार माणसं लागतात ती दुसऱ्या वर्षी गल्लीतच राहते, हे मी फार घरांत बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय.

आता तपासणी, इथे घाई करू नका. होडी ट्रेलरवरून थोडी उचलून कील खाली सोडायला लावा, होडीखाली भक्कम टेकू लावलेत ह्याची खात्री करा आणि नुसत्या केबलवर लटकलेल्या कीलखाली हातपाय घालू नका. पात्याचं खालचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. थोडं हलणारच, पण खडखड आवाज करत बोटभर हललं तर पिन किंवा तिचं भोक झिजलंय. मालकाला पिन काढायला सांगा, खरंच सांगा, नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा. पिन काढली की भोकात अंगठा फिरवा, गोल लागलं पाहिजे, अंडाकृती लागलं तर बुश घालायचा खर्च किमतीतून वजा करा. पिनेच्या मध्यावर नख फिरवा, खाच लागली तर नवी पिन. मग केबल. जुना सुती रुमाल घेऊन केबलवरून हळू ओढत जा, एकही तार तुटलेली असेल तर रुमालाचा धागा अडकतो, आणि सगळ्यात आधी तुटतं ते जिथे केबल कीलला जोडलेली असते तिथेच, त्यामुळे तो शेवटचा वीतभर भाग दोनदा बघा. केबल तशी स्वस्त असते, जुनी चांगली दिसली तरी बदलूनच टाका. होडी गोव्याहून येतेय म्हणजे खारं पाणी प्यालेली आहे, कीलवर रंगाचे फुगे आले असतील तर छोट्या हातोडीनं ठोकून बघा, पापुद्रे सुटले तर घासून इपॉक्सी लावावं लागेल, ते काम आपल्याकडे होतं. इथल्या गोड्या पाण्यात गंज बराच हळू चढतो.

स्विंग कीलला बहुतेक एक लॉकिंग बोल्ट असतो, खाली सोडलेली कील तिथेच धरून ठेवणारा. होडी फार कलली तर कील घसरून परत पोटात आपटू नये म्हणून तो असतो. खोल मोकळ्या पाण्यात जोराचा वारा असला की तो घट्ट करा, झाडं असलेल्या भागात किंवा काठाकडे येताना सैल करा, कारण लॉक केलेली स्विंग कील बुंध्याला आदळली की ती फिनच झाली. आणि रस्त्यावर नेताना कील केबलवर लटकती ठेवायची नाही, ट्रेलरच्या आडव्या पट्टीवर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर टेकवायची, नाहीतर भेरूघाटातल्या प्रत्येक वळणाचा हिसका त्या एका पिनेला बसतो.

घाटावरून आठवलं, वजन. १८ फुटी होडी, ट्रेलर, छोटी मोटर, नांगर, जॅकेटं, पाण्याचे कॅन मिळून ९०० किलोच्या आसपास सहज जातं. विकणाऱ्याचा आकडा धरू नका, धरमकाट्यावर चढवा आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरचा आकडा वेगवेगळा दिलेला असतो तो बघा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. हुकवर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार यायला हवा, त्याहून कमी असला की मागचं धूड शेपटासारखं हलायला लागतं. ट्रेलरच्या नोंदणीचं आरटीओत आधी विचारा, आणि मोटर लावणार असाल तर २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टप्रमाणे होडीच्या नोंदणीचंही. गल्लीचं पण परत मोजा बरं का, १८ फुटी होडी ट्रेलरच्या जिभेसकट, म्हणजे गाडीला जोडायच्या दांड्यासकट, २२ फुटांना टेकते, १९ फुटी तर बाहेरच येईल, आणि आडवी ठेवलेली डोलकाठी दोन्हीकडून डोकावेल ती वेगळीच.

डॅगरबोर्डवाली १५ फुटी वाईट नाही, हलकी आहे, भोपाळला मुलगी त्यावर फार पटकन शिकेल. पण ती उलटणार, उलटणं हा तिच्या शिकण्याचाच भाग आहे, आणि मे महिन्यात दुपारी धूळ उठवत वावटळ येते तेव्हा काठापासून लांब, तिघं पाण्यात, हे मला नको वाटतं.

विंग कीलचं आणि पाण्याच्या बॅलास्टचं, म्हणजे होडी सावरायला तळाशी भरायच्या वजनाचं, तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कुणी दाखवेल म्हणून सांगतो. विंग कील म्हणजे उथळ कील आणि खाली दोन पंख. वाळूत चालून जातं, गाळात रुतली की नांगरासारखी धरून बसते, आणि इतर होड्या रुतल्यावर एका बाजूला कलवून सोडवतात तसं हिचं होत नाही, कलवली की एक पंख अजून खाली जातो. आपल्या धरणांच्या गाळात नकोच. पाण्याच्या बॅलास्टवाल्या होडीत तळाशी टाकी असते, पाण्यात उतरली की भरायची, बाहेर काढताना रिकामी करायची, रस्त्यावर ओझं कमी, ही कल्पना मला आवडते. पण १ लिटर म्हणजे १ किलोच, लोखंडासारखं ते थोड्या जागेत खोल ठेवता येत नाही, म्हणून अशी होडी सुरुवातीला लवकर कलते आणि मग धरते. टाकी अर्धवट भरून मात्र कधीही निघू नका, आतलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं.

आणि कधी छोट्या पक्क्या कीलच्या आतून सेंटरबोर्ड खाली येतो अशी होडी मिळाली, इंग्लंडातली १९७९ पासूनची कॉर्निश श्रिंपर तशी आहे, बोर्ड वर असताना ड्राफ्ट ४६ सेंटिमीटर, तर मला जरूर कळवा. वजन कायम खालीच राहतं आणि बोर्ड हलका असतो, घरच्यांना घेऊन फिरायला ह्याहून चांगली मांडणी मला तरी माहीत नाही.

प्रश्न: काका, आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. इंग्लंडमधल्या बंदरांचे फोटो बघितले, ओहोटीला होड्या दोन पायांवर चिखलात उभ्या असतात. खंभातचं आखात आम्हाला जवळ, तिथेही चिखलच. मी आणि भाऊ मिळून ट्विन कीलची १८ फुटी घ्यावी का?
*एक वाचक, वडोदरा*

उत्तर: ताई, फोटो खरे आहेत, ट्विन कील त्यासाठीच असते, दोन बाजूंना दोन आखूड कील, पाणी गेलं की होडी चार पायांच्या पाटासारखी उभी. पण त्याला तळ सपाट आणि बऱ्यापैकी घट्ट लागतो. मऊ रेंद्यात एक पाय जास्त रुतला की होडी तिरकी बसते, आणि पुढची भरती आली की पाणी आधी कललेल्या बाजूनं चढतं.

आणि खरी अडचण कीलची नाहीच. खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, अलंगला भलीमोठी जहाजं भरतीच्या पाण्यावर थेट किनाऱ्यावर चढवून तोडायला घेतात ती ह्याच जोरावर. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे ओढ किती असेल बघा. १८ फुटी होडीचा वेग पाचेक नॉटला अडतो, तिथली ओढ त्याला गाठते, कधी मागे टाकते. वारा पडला तर तुम्ही कुठल्या बाजूला जाल ते पाणी ठरवणार. मी तुमच्या घरचा असतो तर दोघांना हात जोडून नाही म्हटलं असतं. पहिली दोन-तीन वर्षं बंद पाण्यात, वर उचलता येणाऱ्या बोर्डची होडी घेऊन काढा. ट्विन कीलवाली ट्रेलरवरून उतरवायलाही त्रासाची, कारण तिचा ड्राफ्ट कमी करताच येत नाही.

प्रश्न: काका, मी ग्वाल्हेरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्रांनी मिळून १४ फुटी जुनी सेंटरबोर्ड होडी घेतलीय, तिघरा धरणावर चालवायची परवानगी मिळेल असं दिसतंय. वाऱ्यात फार कलते. तळाशी वाळूची पोती टाकली तर कीलसारखा उपयोग होईल का?
*एक वाचक, ग्वाल्हेर*

उत्तर: नको रे, अजिबात नको. सुटं वजन नेमकं नको तेव्हाच सरकतं, होडी कलली की पोती खालच्या बाजूला घसरतात आणि तिला आणखी खाली ओढतात. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कला वाळूच्या पोत्यांवर शर्यती होत असत, पण तिथे प्रत्येक वळणाला ती पोती एका बाजूवरून दुसरीकडे उचलून टाकायला माणसांची फौज असायची. शिवाय होडी उलटली आणि पाण्यानं भरली तर तुमची तरंगणारी होडी त्या पोत्यांमुळे बुडणारी होईल. तळाशी बांधलीस तरी ती पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली राहतात, तंजावरच्या बाहुलीसारखा जोर त्यांना येतच नाही.

तुमच्या होडीचं बॅलास्ट म्हणजे तुम्ही मुलंच. पायाचे पट्टे नवे घाला, काठावर बसून मागे झुकायला शिका, झोत आला की मोठ्या शिडाची दोरी सोडा, आणि वारा वाढला की शीड कमी करा. तीच होडी तुम्हाला वेगळी वाटेल.

आणि बोर्ड सारखा पूर्ण खाली ठेवू नका. वाऱ्याकडे चढताना पूर्ण खाली, वारा बाजूनं असला की अर्धा, पाठीमागून असला की पाव. बोर्डच्या दोरीवर त्या त्या ठिकाणी रंगीत धागा गुंडाळून ठेव, लाल म्हणजे अर्धा, हिरवा म्हणजे पाव, म्हणजे बघायला वाकावं लागत नाही. काठावर होडी ओढून ठेवलीत की खाचेत बारीक खडे शिरतात आणि पाण्यात गेल्यावर बोर्ड खालीच येत नाही, वरून काठीनं ठोकलं की खडा अजून घट्ट बसतो. होडी एका कडेवर कलती कर, एकानं धरून ठेवायची, आणि दुसऱ्यानं खालच्या बाजूनं करवतीचं जुनं पातं घालून खडा बाहेर ओढायचा.